गाडीच्या एसीचा गॅस तीनदा भरला, तिन्हीदा गेला. पाइप बदलायचाय, मार्गदर्शन हवं

भीमाकाठ | ४ मे, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. टेंभुर्णीहून लिहितेय. गाडी २०१३ ची डिझेल हॅचबॅक, १ लाख १८ हजार किलोमीटर झालेत. आठवड्यातून दोनदा आईला डायलिसिससाठी सोलापूरला नेते, जाऊन-येऊन एकशे सत्तर किलोमीटरच्या आसपास. ज्यांच्या घरी डायलिसिस चालू आहे त्यांना माहीत असेल, पेशंटला पाणी मोजून प्यावं लागतं. बाहेर बेचाळीस डिग्री, काचा उघडल्या की हायवेची झळ थेट तोंडावर, आणि तहान लागली तरी आई बाटलीचं बूच लावून ठेवते. त्यामुळे एसी ही माझ्यासाठी चैन नाही.

मार्चमध्ये गॅस भरला, तीन आठवडे चालला. एप्रिलच्या सुरुवातीला परत भरला, पंधरा दिवस टिकला. २४ तारखेला तिसऱ्यांदा भरला, तो आठवडाही पुरला नाही. दर वेळी १६०० रुपये. दुकानात तिन्ही वेळा एकच वाक्य ऐकलं, "गॅस संपलाय ताई, भरून देतो." शेवटी मी जरा जोर करून विचारलं तर म्हणाले, कूलिंग कॉइल गेली असेल, डॅशबोर्ड उतरवावा लागेल, नऊ-दहा हजार धरून चाला.

आता बटण दाबलं तर पंखा फिरतो, पण कंप्रेसर लागताना 'टक' असा आवाज यायचा तो येत नाही. खरंच कॉइल गेली असेल का? की पाइप? आधी काय तपासू?

घाटमाथा | ४ मे, रात्री १०:२०

ताई, कॉइलवर एकदम जाऊ नका. डॅशबोर्ड एकदा उतरला की जुन्या गाडीत खडखड मागे लागते. माझ्या गाडीतही हेच निदान झालं होतं, निघाला पाइप. पुण्यात नाना पेठेत फक्त रबर बदलून नवीन क्रिंप करून घेतला (टोकाची धातूची टोपी मशीनने दाबून बसवतात), साडेआठशे रुपयांत काम झालं. दोन वर्षं झाली.

जुना पाना | ५ मे, सकाळी ७:०५

३१ वर्षं गाड्यांचे एसी केले, आता हात थांबवलाय. सांगतो ते नीट वाचा.

पहिली गोष्ट, गॅस 'संपत' नाही. ते इंजिन ऑइल नाही, पेट्रोलही नाही. बंद चक्र आहे. कंप्रेसर दाबतो, पुढच्या जाळीत म्हणजे कंडेन्सरमध्ये गॅस थंड होऊन द्रव होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून कॉइलमध्ये फुटतो, तिथे उष्णता घेऊन परत कंप्रेसरकडे येतो. तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो. रबरातून आणि कंप्रेसरच्या शाफ्ट सीलमधून वर्षाकाठी अगदी थोडा झिरपतो, म्हणून सहा-सात वर्षांनी कूलिंग जरा कमी झालं तर समजू शकतो. तीन आठवड्यांत गेला म्हणजे भोक आहे. भोक न शोधता पुन्हा गॅस भरणारा माणूस तुमचे पैसे हवेत सोडतोय.

कंप्रेसर लागत नाही याची काळजी नको. दाब फार कमी झाला की प्रेशर स्विच त्याला लागूच देत नाही. गॅसबरोबर तेल फिरतं, गॅस नसेल तर कंप्रेसर सुका चालून जाम होईल. स्विचने तुमचा कंप्रेसर वाचवलाय. कोणी वायर जोडून 'डायरेक्ट' करून देतो म्हणालं तर गाडी तिथून काढा.

आता उद्या सकाळी, इंजिन थंड असताना, बॉनेट उघडा. हातात टॉर्च आणि पांढरं फडकं घ्या. कंप्रेसर खाली पट्ट्याच्या बाजूला असतो, त्याला दोन पाइप जोडलेले दिसतील. जाड तो सक्शन, बारीक तो डिस्चार्ज. थोडा भाग अॅल्युमिनियम, मध्ये काळं रबर, आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे दाबून बसवलेली धातूची टोपी, तिला आम्ही फेरूल म्हणतो. फेरूलच्या कडेने फडकं फिरवा. गॅस जाताना तेल सोबत नेतो, तेलावर धूळ बसते, म्हणून गळतीच्या जागी काळपट चिकट डाग असतोच. बाकी पाइप सुका आणि एकच जागा ओलसर, तर नव्वद टक्के तीच.

भीमाकाठ | ५ मे, सकाळी ११:३०

काका, सापडलं! जाड पाइपच्या कंप्रेसरकडच्या फेरूलखाली चार बोटं रुंद डाग आहे. फडक्याला काळं, तुपकट लागलं. बोटाने घासलं तर मधे हिरवट झाक दिसते. फेरूलजवळ रबर वाकवून पाहिलं तर बारीक भेगा, पायाच्या टाचेला पडतात तशा. बाकीचा पाइप कोरडा.

जुना पाना | ५ मे, दुपारी १२:१०

शाब्बास. हिरवट झाक म्हणजे आधी कोणीतरी डाय (गळती शोधायचा चमकणारा रंग) घातला होता, म्हणजे गळती आहे हे त्यांनाही माहीत होतं. निळ्या टॉर्चने चमकेल तो.

तरी खात्री करूनच पैसे खर्च करा. चांगल्या दुकानात नायट्रोजन भरून १५० पीएसआयपर्यंत दाब देतात आणि साबणाचं पाणी लावतात. फुगे आले की विषय मिटला, आणि कॉइल शाबूत आहे का तेही त्याच परीक्षेत कळतं, कारण पाइप बदलल्यावर पुन्हा दाब धरून ठेवता येतो. नायट्रोजनच्या बाटलीला रेग्युलेटर असलाच पाहिजे. टायरची हवा भरायची नाही, तिच्यात ओल असते आणि हवेत मिसळलेला आर-१३४ए (तुमच्या एसीतला गॅस) दाबाखाली पेटू शकतो. वेल्डिंगच्या ऑक्सिजनला तर हातही लावायचा नाही. तेल आणि दाबातला ऑक्सिजन भेटले की स्फोट होतो.

पूर्वी आर-१२ या जुन्या गॅसच्या काळात आम्ही गॅसबत्तीसारखी ज्योत घेऊन गळती शोधायचो. ज्योत हिरवी झाली की समजायचं. आर-१३४ए मध्ये क्लोरीन नाही, ज्योत हिरवी होत नाही, उलट गॅस आगीतून गेला की विषारी आम्लाची वाफ होते. काम चालू असताना आसपास बिडीसुद्धा नको.

मीठवारा | ५ मे, दुपारी १:४५

काका, रत्नागिरीहून. इकडे रबर टिकतं पण अॅल्युमिनियम खातं. माझ्या गाडीत जिथे पाइपला क्लॅम्प धरतो तिथे क्लॅम्पच्या रबराखाली खारं पाणी साचून सुईएवढं छिद्र पडलं होतं. वरून पाइप चकचकीत. क्लॅम्प सोडल्याशिवाय दिसलंच नसतं. किनाऱ्यावरच्या लोकांनी क्लॅम्प उघडून बघावेत.

साबणाचं पाणी इंजिन चालू ठेवून लावायचं की बंद?

जुना पाना | ५ मे, दुपारी २:३०

चांगला प्रश्न, आणि इथे बरेच फिटरही चुकतात. एसी बंद असताना दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. तीस डिग्रीला आर-१३४ए चा तो साधारण ९५ पीएसआय असतो. एसी चालू केला की जाड पाइपमधला दाब तीस-चाळीसवर उतरतो आणि बारीक पाइपमधला दोनशेच्या वर चढतो. म्हणून जाड पाइपची गळती एसी बंद असताना जास्त दिसते, बारीक पाइपची चालवून लगेच. चालू गाडीत सक्शन पाइपला साबण लावून 'काही नाही' म्हणणारे मी खूप पाहिलेत. अर्थात हे गॅस भरलेला असताना. ताईंच्या गाडीत आता दाबच नाही, तिथे नायट्रोजनच.

घाटमाथा | ५ मे, संध्याकाळी ६:००

मग ताई, सोलापुरात होज क्रिंप करणारे असतीलच. नवीन पाइपचे चार हजार कशाला घालवता?

जुना पाना | ५ मे, रात्री ८:१५

घाटमाथा, तुमचं काम टिकलं, आनंद आहे. पण सरसकट सल्ला देऊ नका. एसीचा होज साधा नसतो. आत नायलॉनचा थर असतो, त्याला बॅरिअर होज म्हणतात. आर-१३४ए चा रेणू लहान, साध्या रबरातून तो आरपार निघून जातो. होजच्या अंगावर जे-२०६४ असं छापलेलं असेल तर तो एसीचा. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचा होज त्याहून जाड आणि दणकट दिसतो, पण एसीच्या उपयोगाचा नाही. काही ठिकाणी तोच लावून देतात, आणि कुठे कुठे जुबिली क्लिप आवळून देतात. असा पाइप घाटात चढावर गेला की सुटलाच.

क्रिंप करायचाच तर चारही बाजूंनी एकसारखा दाबणारं मशीन हवं, जुन्या पाइपएवढीच लांबी हवी, आणि दोन टोकांची एकमेकांशी दिशा जुळली पाहिजे. दहा-पंधरा अंश जरी फिरली तरी बसवताना रबराला पीळ पडतो आणि तो पीळ सहा महिन्यांत फेरूलपाशी फुटतो. ओळखीचा, चांगला माणूस असेल तर करा. ताईंच्या गाडीचा पाइप बाजारात मिळत असेल तर मी नवीनच घ्या म्हणेन. त्यांना रस्त्यात अडकून चालणार नाही.

घाटमाथा | ५ मे, रात्री ८:४०

मान्य. माझ्याकडे होजवर काय छापलंय ते उद्या बघतो.

रानजाई | ६ मे, सकाळी ८:२०

एक विनंती. पाइप खोलण्याआधी उरलेला गॅस मशीनने काढून घ्यायला सांगा, व्हॉल्व्ह दाबून हवेत सोडू देऊ नका. शंभर वर्षांच्या हिशेबाने आर-१३४ए कार्बन डायऑक्साइडच्या १४३० पट तापमान वाढवतो असा आकडा आहे. म्हणजे एका लहान गाडीतला ४०० ग्रॅम गॅस सुटला तर ५७० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. तेवढा कार्बन अडीचशे लिटर पेट्रोल जाळून होतो. ताईंच्या गाडीतून तीन वेळा गेलाय. म्हणूनच असे गॅस कमी करण्यासाठी किगाली करार झाला २०१६ ला, आणि भारताने तो २०२१ मध्ये मान्य केला. आपल्याकडची कपात २०३२ पासून टप्प्याटप्प्याने आहे.

आणि हातालाही जपा. हा गॅस उणे २६ डिग्रीला उकळतो. द्रव अंगावर उडाला तर कातडी गोठते, डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. चष्मा आणि हातमोजे घालायला सांगा, अगदी आग्रहाने.

भीमाकाठ | ७ मे, रात्री १०:००

धन्यवाद रानजाईताई. आज सोलापुरात, आई आत असताना, दुसऱ्या एका एसीवाल्याकडे गेले. तरुण मुलगा आहे, ऐकून घेतो. नायट्रोजन लावला, १५० वर नेला. फेरूलपाशी साबण लावल्याबरोबर फुगे, चहा उकळतो तसे. बाकी कुठे काही नाही. कॉइलवरचं पाणी बाहेर पडतं त्या नळीपाशीही त्याने गळती शोधायचं यंत्र धरलं (नायट्रोजनच्या आधी, थोडा गॅस होता तेव्हा), ते गप्प राहिलं. म्हणजे नऊ-दहा हजार वाचले.

नवीन पाइप ३४५० ला, सोमवारी येतोय. काका, अजून काय काय बदलायला सांगू?

जुना पाना | ८ मे, सकाळी ६:५०

पाइप का फुटला ते आधी विचारा. कंप्रेसर इंजिनला बोल्टने बांधलेला असतो, इंजिनबरोबर हलतो. कंडेन्सर आणि कॉइल गाडीच्या अंगाला, ते हलत नाहीत. मधला फरक गिळायला रबर असतं. इंजिनचं माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं ते रबर, दबून बसलं असेल तर इंजिन जास्त थरथरतं आणि तो सगळा झटका फेरूलवर येतो. डिझेलमध्ये तर जास्तच. कोणालातरी गाडी चालू-बंद करायला सांगा आणि इंजिन बघा. बंद होताना मोठा हेलकावा देत असेल तर माउंटिंग बदला, नाहीतर नवीन पाइपही त्याच वाटेने जाईल.

मग ओ-रिंग, म्हणजे जोडातल्या रबरी कड्या. जुन्या परत वापरायच्या नाहीत, एकही नाही. एसीच्या ओ-रिंग बहुधा हिरव्या असतात, एचएनबीआर नावाच्या रबराच्या. बसवताना कंप्रेसरच्याच तेलात बुडवून. सुकी रिंग बोल्ट आवळताना चिमटते.

ड्रायर. त्यात ओल शोषणारे दाणे असतात. सिस्टिम इतकी रिकामी राहिली, तीनदा भरली, तेव्हा ते दाणे भरले असणार. तुमच्या गाडीत सुटी बाटली नसेल तर कंडेन्सरच्या कडेच्या नळीत पिशवी असते, ती बदला.

तेल. पाइप बदलताना दहा-वीस मिली, आणि गळतीतून जास्त गेलं असेल तर थोडं अधिक. कंप्रेसरच्या लेबलवर कोणतं तेल ते लिहिलेलं असतं, तेच. जास्त घातलं तर कॉइलमध्ये साचून कूलिंग मारतं. डबा उघडा ठेवलेलं तेल नको, पीएजी (एसीच्या कंप्रेसरचं नेहमीचं) तेल पावसाळ्यातल्या मिठासारखं हवेतली ओल ओढतं. आणि जुना पाइप काढल्याबरोबर उघड्या तोंडांना बूच लावायला सांगा.

दूरदेशी | ८ मे, सकाळी ९:१५

टेक्सासहून. इथे लोक छोटे डबे आणून घरीच गॅस भरतात, २०१८ पासून त्या डब्यांना आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह सक्तीचा आहे. पण दोन गोष्टी सांगतो. डब्यावर 'गळती बंद करणारा' असं लिहिलं असेल तर तो घेऊ नका. तो पदार्थ ओल लागली की घट्ट होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह अडवतो आणि दुकानाचं मशीनही खराब करतो. फुटलेल्या होजला तो काही करत नाही.

आणि हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर हा धागा वाचून स्वतः हात घालू नका. त्यांचा कंप्रेसर जास्त व्होल्टेजवर चालतो आणि तेल वेगळं असतं, वीज न वाहू देणारं. त्यात साधं पीएजी मिसळलं तर कंप्रेसरचं इन्सुलेशन जातं.

भीमाकाठ | १२ मे, रात्री ९:२०

आज पाइप बसला, पण गॅस भरला नाही. का ते सांगते.

पुढचं माउंटिंग खरंच बसलेलं निघालं, रबर दोन तुकडे. तेही बदललं, १४०० गेले. पाइप, रिंगा, ड्रायरची पिशवी झाली. मग व्हॅक्यूम लावला, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून काढली. अर्ध्या तासाने काटा उणे २८ इंचावर थांबला. पुढे जाईना. मुलाला शंका आली पंपच दमला की काय, कारण पुस्तकात २९ च्या पुढे लिहिलंय. पंप बंद करून वीस मिनिटं बसलो तर काटा २४ वर आला. तो म्हणाला, "ताई, एवढं चालतंय, गॅस भरतो." मी नको म्हटलं. जरा वाईट वाटलं, मुलगा दिवसभर राबला होता. पण चौथ्यांदा तेच नको होतं. काका, बरोबर केलं ना?

जुना पाना | १२ मे, रात्री ९:४५

अगदी बरोबर केलंत.

२८ चं सांगतो, पंप चांगला आहे. गेजचा काटा बाहेरच्या हवेच्या तुलनेत बोलतो. सोलापूर समुद्रापासून साडेचारशे मीटर उंच, तिथे हवेचा दाबच साधारण २८ इंच. त्याहून जास्त काढायला हवा शिल्लकच नाही. पुस्तक समुद्रकाठचं आकडे देतं. मीठवारांच्या रत्नागिरीत तोच पंप तीसच्या जवळ जाईल.

पण २८ चा २४ होणं चालत नाही. आत ओल असेल तर काटा थोडा उठून थांबतो, कारण पोकळीत पाण्याची नेहमीच्या तापमानालाच उकळून वाफ होते. छिद्र असेल तर काटा थांबत नाही, चढतच राहतो. उद्या पुन्हा नायट्रोजन, आणि आज जिथे जिथे हात लागला तिथेच शोधा. बाकीची सिस्टिम परवा दाब धरून होती.

भीमाकाठ | १४ मे, रात्री ८:३०

सापडलं. नवीन पाइपच्या कॉइलकडच्या टोकाला. फुगे अगदी बारीक, मोहरीएवढे, मिनिटाला एखादा. जोड सोडला तर आत काळी ओ-रिंग. पाइपबरोबर त्या टोकाची रिंग आली नव्हती म्हणून मुलाने डब्यातली मापाला जवळची घातली होती. एका बाजूने चिमटून चपटी झालेली, नखाएवढा काप गेलेला. त्याने ती माझ्या तळहातावर ठेवली आणि स्वतःच म्हणाला, "माझी चूक झाली ताई." दुकान बंद करून हिरवी रिंग आणायला गेला, त्या फेरीचे पैसे घेतले नाहीत.

मग पाऊण तास व्हॅक्यूम, आणि अर्धा तास नुसतं बघत बसलो. काटा २८ वर ठाम. मी त्या काट्याकडे इतका वेळ बघितलं की डोळे चुरचुरायला लागले.

बॉनेटखालच्या स्टिकरवर ४२० ग्रॅम लिहिलंय. वजनकाट्यावर बाटली ठेवून तेवढाच भरला. आधी कधीच कोणी वजन केलं नव्हतं, गेज बघून 'बास' म्हणायचे. बाहेर ४१ डिग्री असताना जाड बाजू ३८, बारीक बाजू २६० पीएसआय. डॅशबोर्डच्या मधल्या जाळीत थर्मामीटर खुपसला, दहा मिनिटांनी ९ डिग्री.

जुना पाना | १४ मे, रात्री ८:५०

उत्तम आकडे. ४१ ला २६० म्हणजे कंडेन्सर आणि पंखा दोन्ही ठीक. लहान गाडीत पन्नास ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी फरक पडतो, जास्त भरला तर कमी थंड होतं.

स्टिकरशेजारी मार्करने तारीख, किती ग्रॅम, किती मिली तेल आणि कोणतं, हे लिहून ठेवा. पुढचा माणूस कोणीही असो, त्याला अंधारात काम करावं लागणार नाही. आणि तीन आठवड्यांनी तेच पांढरं फडकं दोन्ही टोकांना फिरवा. त्या मुलाला धरून ठेवा. चूक हातावर ठेवून दाखवणारे कारागीर कमी आहेत.

घाटमाथा | १५ मे, सकाळी १०:१०

बघितलं. माझ्या होजवर जे-२०६४ आहे. नशीब. पण पीळ पडलाय हे तुमचं वाचल्यावर दिसलं, फेरूलकडे रबर तिरकं गेलंय. पावसाळ्याआधी काढून सरळ करून घेतो.

मीठवारा | १५ मे, सकाळी ११:००

ताई, एकूण खर्च लिहाल का? इतरांना अंदाज येईल.

भीमाकाठ | १५ मे, दुपारी ४:४०

पाइप ३४५०, माउंटिंग १४००, ड्रायरची पिशवी आणि रिंगा ७८०, गॅस, तेल, नायट्रोजन मिळून १५००, मजुरी १८००. बेरीज ८९३०. त्याआधी तीनदा भरलेल्या गॅसचे ४८०० गेलेच आहेत, ते वाचले असते तर अर्ध्याहून जास्त काम त्यातच झालं असतं.

भीमाकाठ | ६ जून, रात्री ९:१०

धागा वर काढतेय. काकांनी सांगितल्याप्रमाणे आज फडकं फिरवलं. कंप्रेसरकडचं टोक, कॉइलकडचं टोक, दोन्हीकडे फक्त कोरडी धूळ. जाळीतलं तापमान अजून ९. मार्करने स्टिकरशेजारी सगळं लिहिलंय, त्याखाली आजची तारीखही घातली.

काल येताना मोहोळच्या पुढे आई झोपली. पाण्याची बाटली अर्धी भरलेली घरी आली.